नांदेडचं विद्यापीठ कसं मोजायचं?

जनार्दन वाघमारे यांचं नाव निघालं की लातूरकरांना आधी ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते प्राचार्य. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलं घ्यायची, अभ्यासक्रम लवकर उरकायचा, मग सरावपरीक्षांवर सरावपरीक्षा घ्यायच्या आणि पोरं मेडिकल-इंजिनिअरिंगला लावायची, अशी ती पद्धत. पुढे हेच वाघमारे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची तारीख मुद्दाम धरून केलेली. त्याच वर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. त्याच विद्यापीठातून नांदेड, लातूर, परभणी एवढा भाग वेगळा काढून हे नवं विद्यापीठ उभं राहिलं. हिंगोली तेव्हा परभणीतच होतं; तो जिल्हा १९९९ मध्ये झाला.

एका माणसाच्या हाताखालून गेलेल्या या दोन गोष्टींना आपण मात्र एकच पट्टी लावतो. लातूरच्या ट्युशन एरियात जून-जुलैत फिरून बघा. चौकाचौकात पासपोर्ट फोटोंनी गच्च भरलेले फलक, प्रत्येक फोटोखाली नीटचे गुण आणि मिळालेल्या कॉलेजचं नाव. फलकावर कोण आहे ते दिसतं. किती जणांनी फी भरली होती, त्यातले किती फलकावर आले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. क्लासचं एक वेळ चालून जाईल, तो धंदा आहे. पण मुखेडच्या, अहमदपूरच्या किंवा सेनगावच्या महाविद्यालयात बारावीला पंचावन्न टक्के घेऊन येणारी मुलगीही ज्याची विद्यार्थिनी आहे, ते सार्वजनिक विद्यापीठ या पट्टीने मोजणं चूक आहे. तिथे विचारायचं ते असं: आत किती आले, त्यातले वेळेत पदवी घेऊन किती बाहेर पडले, पुढे कुठे गेले, आणि या सगळ्याला घरातून किती पैसे गेले? शाळेत शिकलेला अपूर्णांक इथे पुरतो. जाहिरातीत अंश असतो. छेद आपल्याला शोधावा लागतो.

शोधायला बसण्याआधी एक गोंधळ निस्तरला पाहिजे. ‘नांदेड विद्यापीठ कसं आहे?’ असा प्रश्न पालक विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा नांदेडमधलं किंवा लातूरमधलं एखादं कॉलेज असतं, आणि ते कॉलेज या विद्यापीठाचं असेलच असं नाही. नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. कृषीची पदवी परभणीच्या कृषी विद्यापीठाची. अभियांत्रिकी महाविद्यालयं २०१७ नंतर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली. नांदेडची श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ ची, विद्यापीठासारखीच विष्णुपुरीत, पण स्वायत्त. तेव्हा ‘नांदेडला प्लेसमेंट चांगलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर ते नांदेड गावाबद्दल बोलताहेत की विद्यापीठाबद्दल, हे आधी विचारून घ्यावं. लठ्ठ पगाराच्या ज्या बातम्या छापून येतात, त्या बहुतेक अभियांत्रिकीच्या असतात. विद्यापीठाकडे उरलेला मोठा पसारा कला, वाणिज्य, विज्ञान, बी.एड., विधी, समाजकार्य अशा शाखांचा आहे.

या उरलेल्या विद्यापीठाचेही तीन भाग पडतात आणि तिन्ही निरनिराळे मोजावे लागतात. पहिला भाग विष्णुपुरीच्या परिसरातल्या संकुलांचा. नांदेडला विभाग म्हणत नाहीत, संकुल म्हणतात: भौतिकशास्त्र संकुल, माध्यमशास्त्र संकुल, ललित व प्रयोगजीवी कला संकुल. लातूरजवळ पेठला उपकेंद्र आहे; तिथे सामाजिक शास्त्रं, व्यवस्थापन आणि तंत्रज्ञानाची संकुलं आहेत. ही मुख्यतः एम.ए., एम.एस्सी., एम.बी.ए., पीएच.डी.ची जागा, आणि मुलं मोजकी. दुसरा भाग संलग्न महाविद्यालयांचा. खरी संख्या इथे आहे. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने सुरू झालेलं नांदेडचं पीपल्स कॉलेज यातच आणि तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणारं विनाअनुदानित कॉलेजही यातच. या दोहोंच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव एकच. तिसरा भाग परीक्षा विभागाचा. संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुतेक इथेच: पात्रता शुल्क, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, गुणपत्रिका, एटीकेटी, पुनर्मूल्यांकन. त्यामुळे विद्यापीठाचं मानांकन चांगलं असलं म्हणून तालुक्यातलं कॉलेज चांगलं ठरत नाही. उलट विद्यापीठाची श्रेणी घसरली म्हणून पीपल्ससारख्या जुन्या कॉलेजातली प्रयोगशाळा बंद पडत नाही.

आता प्रवेश. अभियांत्रिकी आणि मेडिकलच्या नादाने ‘कटऑफ किती?’ हा प्रश्न आपल्या जिभेवर बसला आहे. बी.ए., बी.एस्सी.ला तो बहुतांशी निरुपयोगी, कारण तिथे पुष्कळ ठिकाणी जागा जास्त आणि अर्ज कमी. बी.एड. आणि विधीचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडून होतात. बीबीए, बीसीएलाही २०२४ पासून सीईटी आली. तिथे फेरीनिहाय, प्रवर्गनिहाय याद्या मिळतात आणि त्या वाचायच्या असतात. बाकी ठिकाणी मात्र मंजूर जागा किती आणि प्रत्यक्ष प्रवेश किती एवढं बघावं. तीन-तीन वर्षं निम्म्या जागा रिकाम्या राहत असतील, तर तो विषय बंद होण्याच्या वाटेवर आहे, आणि तिसऱ्या वर्षाला हवा तो ऐच्छिक पेपर कदाचित चालवलाच जाणार नाही. प्रवेश भरगच्च असूनही वर्ग ओस असतील, तर ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे बी.ए.ला नाव घालायचं, पुण्याला जाऊन एमपीएससीचा अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरतं गावी यायचं, ही रीत जुनी आहे. त्यात मुलांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण अशा वर्गाचा निकाल कितीही चांगला लागला, तरी तो शिकवण्याचा पुरावा होत नाही, हे लक्षात ठेवावं. दुपारी बारा वाजता, सप्टेंबरातल्या एखाद्या साध्या मंगळवारी कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या वर्गात डोकावलं, तर माहितीपुस्तिकेच्या चाळीस पानांपेक्षा जास्त कळतं.

वर्गात शिकवतंय कोण, हाही त्यातलाच प्रश्न. नियमित प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिक्त आणि तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, प्राध्यापकांवर विभाग चाललेला, हे चित्र राज्यभर आहे. सीएचबीवाले वाईट शिकवतात असं मुळीच नाही. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली हुशार माणसं त्यात अडकून पडली आहेत. पण ती पुढच्या वर्षी याच कॉलेजात असतील याची खात्री नसते. दोन वर्षांनी मुलाला शिफारसपत्र हवं असतं, तेव्हा सर तिसऱ्याच तालुक्यात गेलेले असतात.

प्रवेशाच्या गडबडीत एक नियम कामाला येतो. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कॉलेजला मूळ कागदपत्रं ठेवून घेता येत नाहीत. पडताळून परत द्यायची असतात. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर शंभर टक्के शुल्क परत मिळायला हवं, फक्त पाच टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये कापता येतात. नंतर हे प्रमाण नव्वद, ऐंशी, पन्नास असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. ‘टीसी आमच्याकडे जमा आहे’ एवढ्या एका वाक्यावर मुलाला अडवून धरणाऱ्या कार्यालयात हा नियम शांतपणे दाखवावा.

खर्चाचा विषय निघाला की सगळे फीबद्दल बोलतात, आणि अनुदानित महाविद्यालयातल्या बी.ए., बी.एस्सी.ची फी खरोखरच कमी असते. त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, विनाअनुदानित तुकडी किंवा बीसीएसारखा स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम असतो आणि त्याची फी वेगळीच असते. म्हणून ‘कॉलेज अनुदानित आहे का?’ असं न विचारता ‘ही तुकडी अनुदानित आहे का?’ असं विचारायचं. पावती हातात आली की ती ओळीओळीने वाचावी. शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण, पात्रता, परीक्षा. सवलती यातल्या काही ओळींनाच लागू असतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात निम्मी सवलत देते, जिमखान्यात नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, तेही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तर. ‘मुलींना सगळं फुकट झालं’ असं समजून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की पंचाईत होते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. २०२१ पासून तिचा साठ टक्के हिस्सा केंद्राचा, आणि तो थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात येतो. यात कॉलेजची फीही असते, आणि ती मुलाने कॉलेजकडे भरायची असते. घरात बियाणं-खताची निकड असताना खात्यात आलेली रक्कम तशीच ठेवणं किती अवघड असतं, हे मंत्रालयात बसून कळत नाही. वर्षाअखेर कॉलेज फी मागतं, तेव्हा खातं रिकामं असतं आणि परीक्षेचा अर्ज अडतो. शिष्यवृत्ती आहे म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला असं न धरता, हप्ता कधी आला आणि त्यातला किती आपला हे वहीत लिहून ठेवण्याची सवय लावलेली बरी.

फीपेक्षा मोठा खर्च राहण्या-खाण्याचा, आणि स्थानिक विद्यापीठाची खरी किंमत इथेच कळते. देगलूरचा मुलगा देगलूरलाच शिकला तर एसटीचा पास काढतो. विद्यार्थी पासला सुमारे दोन तृतीयांश सवलत आहे. तोच पुण्याला गेला तर खोली ‘कॉट बेसिस’वर, डबा किंवा मेस, अभ्यासिकेचं महिन्याचं शुल्क, क्लास, आणि दिवाळी-उन्हाळ्याला गावाकडचं जाणं-येणं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६०,००० रुपयांपर्यंत आणि लहान ठिकाणी त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी २०२३ पासून सावित्रीबाई फुले आधार योजना. विद्यापीठ परिसरात कमवा व शिका आहेच. पण मुलींच्या बाबतीत पैशाआधी एसटीची वेळ निर्णय करते. शेवटचं लेक्चर साडेचारला संपत असेल आणि गावाची गाडी चारला सुटत असेल, तर त्या लेक्चरला मुली नसतात. परीक्षेत त्याच पेपरला गुण कमी पडले, तर तो मुलींचा कच्चेपणा नव्हे, डेपोचं वेळापत्रक आहे.

आणि एक खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही, तो वाया गेलेल्या वर्षाचा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत लावावा असं सांगितलं आहे. राज्यातल्या विद्यापीठांना हे नेहमी जमतं असं नाही. अंतिम वर्षाचा निकाल लांबला की एम.एस्सी.चा प्रवेश हुकतो, भरतीच्या अर्जात ‘पदवी उत्तीर्ण दिनांक’ हा रकाना भरता येत नाही, आणि आयुष्यातलं एक वर्ष जातं. म्हणून एखाद्या विद्यापीठाचा खर्च काढताना मी मागच्या तीन वर्षांच्या निकालांच्या तारखा शोधतो. परिपत्रकांत परीक्षा कधी संपली आणि निकाल कधी लागला, दोन्ही सापडतं. वजाबाकी आपण करायची.

मग पुढचं. मुलं शिकून काय करतात? यासाठी सगळ्यात उपयोगी कागद फारसं कुणी उघडत नाही. उच्च शिक्षण संस्थांची केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमवारीत नाव आलं नाही तरी भाग घेतलेल्या संस्थेला आपली माहिती सार्वजनिक करावी लागते, आणि त्या पीडीएफमध्ये एक तक्ता असतो. समजा एका कॉलेजच्या तीन वर्षांच्या पदवीचा तक्ता असा आहे: मंजूर जागा १२०, प्रवेश ८०, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण ४४, नोकरी लागलेले १२, नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार वर्षाला १,८०,०००, उच्च शिक्षणाला गेलेले १५. आकडे माझे, समजावण्यापुरते. पण रकाने खरे आहेत.

आता हेच कॉलेज माहितीपुस्तिकेत ‘८५ टक्के प्लेसमेंट’ लिहू शकतं. कसं? प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेली मुलं १४ होती, त्यातल्या १२ जणांना नोकरी लागली. खोटं काहीच नाही, फक्त छेद १४ चा घेतला. छेद ४४ घेतला तर नोकरी लागणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवर येतं. आत आलेले ८० धरले तर १५ टक्के. नोकरी आणि उच्च शिक्षण मिळून २७ मुलांचा पत्ता लागला. उत्तीर्णांमधली १७ मुलं या तक्त्यात कुठेच नाहीत आणि मुदतीत पदवी न मिळालेली ३६ तर त्याआधीच गळलेली. पगाराचा मध्यकही बारा जणांचा. म्हणजे रांगेत उभे केले तर मधल्या माणसाला जितका मिळतो तितका, सरासरी नव्हे. एखाद्याला बारा लाख मिळाले तरी मध्यक ढळत नाही, ही त्याची चांगली बाजू. ज्यांना नोकरीच नाही त्यांचा शून्य त्यात धरलेला नाही, ही वाईट.

या तक्त्यात अजून दोन कच्चे दुवे आहेत. घरची शेती बघणारा, दुकान घालणारा किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला मैदानावर धावणारा मुलगा ‘नोकरी लागलेले’ यात येत नाही. आणि उच्च शिक्षणाला गेला म्हणजे प्रगती झाली असंही नाही. दुसरं काही हाती लागलं नाही म्हणून एम.ए.ला नाव घालणारे आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. त्यात आता नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशा पायऱ्या केल्या. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आलं. येत्या काही वर्षांत ‘मुदतीत उत्तीर्ण’ हा रकानाच गुंतागुंतीचा होणार. अर्ध्यात सोडलेला मुलगा गळाला की पदविका घेऊन ‘बाहेर पडला’, हे कागदावर चांगलं दिसेल अशा पद्धतीने मांडायला वाव राहील.

बाहेरच्या देशांत हा हिशेब वेगळ्या रीतीने होतो. अमेरिकेने २०१५ मध्ये ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नव्या रूपात आणलं. सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची नावं कर खात्याच्या नोंदींशी जुळवून, प्रवेशानंतर दहा वर्षांनी त्यांची कमाई किती, हे कॉलेजनिहाय जाहीर होतं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर पंधरा महिन्यांनी सगळ्यांना प्रश्नावली जाते. तिथे ही माहिती कॉलेज स्वतः सांगत नाही, बाहेरचा कुणी गोळा करतो. फरक पडतो तो इथे. आपल्याकडे केंद्राचं अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण प्रवेशांची मोजणी नीट करतं: २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं स्थूल नोंदणी प्रमाण ३५.३ टक्के होतं, देशाचं २८.४. आत येणाऱ्यांत आपण पुढे आहोत. बाहेर पडणाऱ्यांचं काय होतं त्याचा असा हिशेब नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालाने देशाचं चित्र दिलं: २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४. निरक्षराला बेकार राहणं परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण आहे, हेही ध्यानात घ्यावं. तरी नांदेडच्या पदवीधराला नोकरी नसणं हा केवळ नांदेडचा दोष नाही, हे त्या आकड्याने स्पष्ट होतं.

म्हणून तुलना कुणाशी करायची, हे महत्त्वाचं. पुणे विद्यापीठ १९४९ चं, भोवती हिंजवडीच्या आयटी कंपन्या आणि चाकणचे कारखाने. तिथल्या पदवीधराचा पगार जास्त असेल, पण त्यात विद्यापीठाचा वाटा किती आणि हिंजवडीचा किती? नांदेडची तुलना जळगावशी (१९९०), सोलापूरशी (२००४), गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी (२०११) व्हावी. तिथे मुलं, शेती, पाऊस आणि कारखाने यांची परिस्थिती निदान जवळपासची आहे. अशा विद्यापीठांत त्याच गुणांची मुलं घेऊन कोण जास्त मुलांना वेळेत पदवीपर्यंत नेतं, ते पाहावं. मला विचाराल तर या भागातल्या विद्यापीठाची कसोटी हीच. नव्वद टक्क्यांचा मुलगा कुठेही गेला तरी निभावतो. पंचावन्नवाला निभावला तर श्रेय संस्थेचं.

नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, श्रेणीबद्दल थोडक्यात. नॅकही १९९४ सालीच जन्मलेलं. सात निकषांवर चारपैकी गुण, ३.०१ ते ३.२५ म्हणजे ‘ए’, २.७६ ते ३.०० म्हणजे ‘बी प्लस प्लस’. नांदेड विद्यापीठाच्या परिपत्रकांच्या माथ्यावर पूर्वी ‘ए’ असायचं, आता ‘बी प्लस प्लस’ असतं. श्रेणी उतरली ही बातमी खरी, पण तिच्यावरून मुलाचा प्रवेश ठरवू नये. दोन श्रेणींमध्ये एखाद्या शतांशाचं अंतरही असू शकतं. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या तपासणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या समितीतल्या लोकांना सीबीआयने अटक केली, तेव्हापासून अक्षरांवरचा विश्वास जरा हलला आहेच. अक्षर सोडून देऊन कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या नॅक अहवालात पाचव्या निकषातला ५.२ हा भाग उघडावा. नोकरी, उच्च शिक्षण, नेट-सेट-स्पर्धा परीक्षा यांच्या याद्या तिथे असतात, पुष्कळदा नियुक्तिपत्रांच्या छायाप्रतींसह. पत्र कुणाचं आहे ते वाचा. सहा महिन्यांची विमा एजंटगिरी आणि राज्य शासनाची नेमणूक त्या यादीत शेजारीशेजारी बसतात.

एनआयआरएफचा क्रमांक मात्र एका कारणाने आता खिशाला भिडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजना, म्हणजे तारण नसलेलं शैक्षणिक कर्ज आणि आठ लाखांच्या आतल्या कुटुंबाला व्याजात तीन टक्के सूट, ही क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या, राज्य सरकारच्या असतील तर दोनशेपर्यंतच्या, आणि केंद्राच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. क्रमवारीबाहेरच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला ती नाही. ज्याला आधाराची जास्त गरज तोच बाहेर, असा हा उलटा न्याय.

उरलेली माहिती मागून घ्यावी लागते. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि अर्थसंकल्प अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, जातात. त्या सभेत प्रश्न विचारता येतात. परीक्षेला किती बसले, पदव्या किती दिल्या, गुणपत्रिका किती दिवसांनी मिळाल्या हे माहिती अधिकारातून मागता येतं. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. अधिसभेवर दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या असतात, त्यांची निवडणूक होते आणि मतदार व्हायला पदवीधराने स्वतः अर्ज भरून नाव नोंदवावं लागतं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीतल्या लाखो पदवीधरांपैकी ते नाव किती जण नोंदवतात? हाही एक अपूर्णांकच, आणि मतदारयादी जाहीर होते तेव्हा त्याचा अंश कुणालाही मोजता येतो.